घोंगडीखालचा नकाशा

परवा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दारात कुरिअरवाला आला. मी झेंडूचं तोरण ओवत बसले होते. मांडीवर फुलांचा ढीग, सुई ओठांत धरलेली, आणि डोक्यात उद्याच्या स्वयंपाकाचे विचार. त्यानं मोबाइल पुढं केला. "सही करा मॅडम. बोटानंच." मी काचेवर बोट फिरवलं. महानंदा हे माझं नाव तिथं असं काही उमटलं, की पहिलीतल्या पोरानं पाटीवर गिरवलेलं त्यापेक्षा बरं दिसावं. बोटाला झेंडूचा रस होता, काच पिवळी झाली. बिचारा मोबाइल शर्टाला पुसत जिना उतरून गेला.

तोरण मात्र तिथंच राहिलं. काचेनं माझं बोट घेतलं होतं, कुरकुर न करता. आताच्या सगळ्याच काचा घेतात. माझ्या भाचीची दोन वर्षांची लेक जेवताना वरणाच्या बोटानं चित्रं सरकवते, आणि काच तिचंही ऐकते. मला आठवली ती दुसरी एक काच. तिनं एका बाईचा अंगठा घेतला नव्हता. वीस वर्षांहून जास्तच झाली त्याला. पण झेंडूचा उग्र, हिरवट वास नाकात गेला आणि तो सगळा हंगाम मांडीवर येऊन बसला.

देशाची दारं उघडली, असं पेपरात येऊन तेव्हा दहा-बारा वर्षं होत आली होती. बीडमध्ये ती दारं जरा उशिरानं आणि करकरत उघडली. एसटीडीच्या पिवळ्या पाट्या येऊन जुन्या झाल्या होत्या, पानटपरीवर शॅम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या, आणि आमच्या कापडाच्या दुकानात खेड्यातल्या बाया टीव्हीतल्या नट्यांची नावं घेऊन साड्या मागायला लागल्या होत्या. वीज मात्र आली तर आली. दिवसातले अर्धे तास भारनियमनाचे. मी भूगोलात एम. ए. होऊन घरी बसले होते आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, येणाऱ्या स्थळांपुढं माझ्या पदवीचा उच्चार थोडा हळू आवाजात करत होते.

अशात आमच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या सरांनी बोलावून घेतलं. पुण्याच्या एका संस्थेनं डोंगरपट्ट्यातल्या जुन्या विहिरी शोधायचं काम त्यांना दिलं होतं. बुजलेल्या, पडलेल्या, विसरलेल्या विहिरी. गावोगाव फिरायचं, जुन्या गावनकाशावर विहिरी मांडायच्या, आणि ग्रामसभेनं नक्की केलेली एक विहीर संस्था उपसून बांधून देणार. प्रत्येक गावाला एकच. सर म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे आणि तू उन्हाला घाबरत नाहीस. ये." अक्षराचं कौतुक ऐकून मी हुरळले. उन्हाचं खरं नव्हतं, पण ते बोलले नाही.

मग त्यांनी पिशवीतून ते यंत्र काढलं. लॅपटॉप मी बँकेत लांबून पाहिला होता. हा तसाच होता, पण सरांनी त्याची मान धरून गर्रकन फिरवली आणि पडदा पाठीवर निजवला. झाली पाटी. चांगली दोन-अडीच किलोची. तिच्या कुशीतून त्यांनी एक काळं पेन उपसलं. त्याला ना शाई, ना वायर, ना सेल. पडद्यावर आमच्या तालुक्यातल्या एका गावाचा निजामाच्या काळातला नकाशा होता, कागदाच्या घड्या आणि वाळवीची भोकं यांच्यासकट. सरांनी पेन काचेजवळ नेलं. अजून टेकवलंही नव्हतं, तोच काचेत एक बारीक ठिपका जागा झाला आणि पेनाच्या मागंमागं फिरू लागला. पेन टेकलं आणि नकाशावर निळ्या शाईत सरांचं तिरकं अक्षर उमटलं: ओढा. मग त्यांनी पेन उलटं करून शेंडीनं घासलं. शब्द गेला. नकाशा जसाच्या तसा.

मला काय वाटलं ते आज नीट सांगता येणार नाही. जुन्या कागदाला हात लावायचा नाही, हे आम्हाला कॉलेजात बजावलेलं. पेन तर दहा हात लांब. आणि इथं शंभर वर्षांच्या कागदावर मी लिहीत होते, खोडत होते, समासात प्रश्न विचारत होते, आणि कागदाला पत्ता नव्हता. त्या दिवशी मी नुसत्या रेघा मारल्या. जोरात दाबलं की जाड, हलकं धरलं की केसासारखी. सर चहा पिऊन आले तरी मी रेघाच मारत होते.

दसऱ्याला यंत्र माझ्याकडं होतं. वीज होती तेव्हा चार्ज करून ठेव म्हणून सरांनी दिलेलं. दसऱ्याला अण्णा दुकानात कात्री, कापड मोजायचा गज आणि शिवणयंत्राची पूजा मांडायचे. मी अंघोळ करून येते तर यंत्रही त्या रांगेत. झाकणावर विभूतीचे तीन पट्टे, वर बेलाचं पान, शेजारी झेंडू. मी ओरडलेच.

"अण्णा! लाखाची वस्तू आहे ती! राख आत गेली तर?"

"राख नव्हं, विभूती हाय. तू ह्यावर लिवतीस का न्हाई?"

"लिहिते."

"मग हत्यारच झालं की. आज त्याला तसंच ठिवून कसं चालंल?"

मी ओल्या फडक्यानं पट्टे पुसले, पण झाकणाच्या खाचेत विभूती राहिली ती राहिलीच. सरांना दिसली तेव्हा त्यांनी खाचेवरून बोट फिरवलं, आणि मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. ते एवढंच म्हणाले, "अण्णांना विचार, पेनाचीही केली का." नव्हती केली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी सकाळी पूजेच्या वेळी पेन मागून घेतलं.

दसरा झाला की आमच्या जिल्ह्याचं चित्र दोन भागांत फाटतं. एकीकडं सुगी. खळ्यावर बाजरी, कापसाची पहिली वेचणी, ज्वारीच्या पेरणीची घाई, डोंगराच्या उतारांवर गवत वाळून तांबूस होत चाललेलं, हवेला भुशाचा आणि भाकरीचा वास. आणि दुसरीकडं जाणं. मांजरसुंब्याच्या चौकात ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रक उभे. त्यांत ट्रंका, लाकडं, भांडी, कोंबड्या, शेळ्या, आणि त्या सगळ्यांवर माणसं. ढाब्यावर चहा पिताना आम्ही ते बघायचो. एखाद्या ट्रकवरून लहान पोर हात हलवायचं. सहा महिने ती सगळी घरं कुलपात. म्हणून आमच्या कामाला मुदत होती ती कॅलेंडरची नव्हती, ट्रकची होती. टोळ्या निघायच्या आत ग्रामसभा झाली पाहिजे. गाव निघून गेल्यावर सभा कुणाची घेणार?

लिंबागणेशच्या पुढं पठारावर एक वाडी होती. चाळीस-पन्नास घरं, एक मारुती, आणि पाण्यासाठी खालच्या ओढ्यातली एकच विहीर. बाया दिवसातून दोनदा उतार उतरून जायच्या आणि डोक्यावर हंडे घेऊन तोच उतार चढून यायच्या. मी एकदा हौसेनं रिकामा हंडा घेऊन त्यांच्याबरोबर गेले आणि अर्धा भरून वर आले. दोन दिवस मान वळत नव्हती. या वाडीत पूर्वी वरच एक विहीर होती यावर सगळ्यांचं एकमत होतं. कुठं होती यावर नव्हतं. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात जुनी घरं उठून गेली होती आणि आताची बहुतेक त्यानंतर येऊन वसलेली.

बाजीराव नाना वाडीतले मोठे शेतकरी. पूर्वीचे सरपंच, पांढरा फेटा, बोलणं गोड आणि ठाम. त्यांनी आम्हाला चिंचेखाली नेलं, काठी आपटली. "हितं हाय बघा. माझा बाप सांगायचा." सरांनी नकाशावर चिंचेजवळ निळं वर्तुळ काढलं. काम संपत आलंच होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "हितं न्हाई. हीर तिकडं हाय, जुन्या रस्त्याकडंला."

ती गयाबाई. वाडीच्या टोकाच्या घरातली. वय पन्नाशीचं असेल, दिसायची सत्तरीची. मला तेव्हा ती म्हातारीच वाटली होती. आज माझं वय त्याच्या आसपास आहे आणि मी स्वतःला म्हातारी म्हणवून घेत नाही. मुलगा-सून चार दिवसांनी टोळीबरोबर निघणार होते, सुनेला सहावा महिना होता, आणि मागं राहणाऱ्या दोन नातवंडांसाठी पाणी आणायला उरणार होती ती एकटी. तिचे गुडघे सुजलेले होते. उतारावरून ती बसत बसत यायची.

नाना हसले. वाईट हसणं नव्हतं ते. "गयाबाई, आगं नकाशातलं तुला काय कळतंय? उन्हात कशाला आलीस, जा, भाकरी कर." माणसंही हसली. कुणी तिच्याशी भांडलं नाही. तिचं कुणी ऐकलंच नव्हतं.

नकाशावर जुन्या रस्त्याच्या कडेला काहीच नव्हतं. तिथं एका बांधाची रेघ सरळ येता येता कोपरासारखी वाकून पुढं जात होती, एवढंच. सरांनी आधीच त्या वाकड्या जागेशेजारी समासात निळ्या शाईत लिहून ठेवलं होतं: आरेखनाची चूक? आखणाऱ्याचा हात हलला असेल, असं त्यांचं मत होतं. ते मला म्हणाले, "बाईंना समजावून सांग." आणि ते नानांबरोबर चहाला गेले.

समजावून सांगायचं म्हणजे आधी दाखवायला हवं. आणि त्या पडद्याचं एक होतं, उन्हात तो नुसता आरसा व्हायचा. आपलंच घामेजलेलं तोंड दिसायचं. त्यावर मी एक उपाय शोधला होता. घोंगडी मागायची आणि ती डोक्यावर घेऊन आत बसायचं. भर दुपारी घोंगडीखाली बसलेली एम. ए. झालेली मुलगी बघायला गावोगावची पोरं जमायची. गयाबाईंनी स्वतःची घोंगडी आणली आणि माझ्याबरोबर आत शिरल्या. आत लोकरीचा, शेळ्यांचा आणि धुराचा वास, घाम, आणि मधोमध त्यांच्या वाडीचा उजळलेला नकाशा. त्यांच्या तोंडावर तो उजेड पडला. त्यांनी आधी झाकणाच्या खाचेतली विभूती बघितली, तिला बोट लावलं, ते कपाळाला लावलं.

"पुजलेलं हाय मंजे," त्या म्हणाल्या. आणि जराशा सैल झाल्या.

मी दाखवलं, हा मारुती, हा ओढा, हा रस्ता. त्या बघत होत्या का हे कळत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "मावशी, ह्यात तुमची विहीर नाही. काय करू?"

"मग लिवून घे. गयाबाई म्हणती हीर तिकडं हाय. आन् हा माझा अंगठा घे."

आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी उजवा अंगठा काचेवर दाबला.

काही झालं नाही. ठिपका जागा झाला नाही, रेघ उमटली नाही. त्यांनी अंगठा जिभेला लावला, पदराला पुसला, पुन्हा दाबला. मग सगळा भार देऊन. काच थोडी थरथरली, एवढंच. मला तेव्हा सांगायला हवं होतं की ह्याला बोट कळतच नाही, कुणाचंच नाही. पण मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले आणि बोलायचं राहून गेलं.

"न्हाई घेत?" त्या हळूच म्हणाल्या. "आजवर समद्यांनी घेतला. तलाठ्यानं घेतला, सोसायटीनं घेतला, दवाखान्यात घेतला. ह्योच कावून न्हाई घेत?"

त्यांनी अंगठा उलटा करून उजेडात धरला. त्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. खुरप्यानं, दोरानं, कोयत्यानं सगळ्या घासून गुळगुळीत झालेल्या. आयुष्यभर जी एक खूण त्यांची म्हणून चालत आली होती, ती नापास झाली असं त्यांना वाटलं असणार. लाजल्यासारखा त्यांनी अंगठा मुठीत लपवला. मला त्या यंत्राचा इतका राग आला, की दसऱ्याला ज्याच्यावरून अण्णांशी भांडले ते हेच का, असं वाटलं.

मग त्या खाली बघत बोलल्या. इतक्या हळू, की घोंगडीबाहेर काही गेलं नसेल.

"पोरी, मला ठावं हाय ती कुठं हाय. कारण ती मीच बुजवली."

मी पेन खाली ठेवलं.

"मोठ्या दुष्काळात ह्या जुन्या रस्त्याचं काम निघालतं. मी नवी नवरी. पोटात थोरला. मुकादम म्हणला, हिरीत टिपूस न्हाई, रस्त्याच्या कडंला येती, बुजवा. आमी बायांनी पाट्या वाहिल्या. मुरमाच्या. दुपारी सुकडी मिळायची, ती खायाची आन् पुन्हा पाट्या. पर पाटी वतताना खालनं गार वारा यायचा तोंडावर. मी सासूला म्हणलं, आत्या, हिच्यात पाणी हाय. सासू म्हणली, गप, सुकडी बंद करत्याल. मी गप बसले."

बाहेर कुणाचं तरी रेडकू ओरडत होतं.

"माझ्याबरोबरच्या समद्या बाया गेल्या. मी एकलीच राहिले. माझी सून आता पोटुशी असून खालनं पाणी आणती ना, तवा मला तोंड दाखवाया नको वाटतंय तिला. म्हणून म्हणते, लिवून घे."

मी शाईचा रंग तांबडा केला आणि पेन उचलून त्यांच्यापुढं धरलं. "मावशी, हा कुणाचाच अंगठा घेत नाही. माझा पण नाही, बघा." मी माझा अंगठा दाबून दाखवला. "कलेक्टर आला तरी त्याचा घेणार नाही. ह्याला फक्त हे पेन कळतं. तुम्हीच काढा."

माझा अंगठाही नापास झालेला बघून त्यांना थोडं बरं वाटलं. पण पेन बघून त्या मागं सरकल्या. "मी न्हाई धरलं कवा."

"नागपंचमीला भिंतीवर नाग काढता ना?"

"ते काडीनं."

"मग ही काडीच."

त्यांनी पेन घेतलं, मुठीत, खुरपं धरतात तसं. काचेजवळ नेलं आणि तो ठिपका जागा झाला. त्या दचकल्या. हात मागं घेतला, ठिपका गेला. पुढं नेला, आला. असं त्यांनी तीन-चारदा केलं. मग माझ्याकडं बघून लहान पोरीसारखं हसल्या. "वळकतंय की गं मला!"

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला कॉलेजात दोन वर्षं शिकवलेलं होतं आणि मी एकदाही केलं नव्हतं. त्यांनी घोंगडीतून डोकं बाहेर काढलं, डोंगर कुठं आहे बघितलं, पुन्हा आत आल्या आणि ती जड पाटी जमिनीवर हळूहळू फिरवली. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. नकाशावरचा मारुती खऱ्या मारुतीच्या अंगाला आला, ओढा ओढ्याच्या, तेव्हा थांबल्या. "आता बसली वाडी," म्हणाल्या. मी इतके दिवस नकाशा वाचता यावा म्हणून अक्षरं सरळ ठेवत होते. त्यांना अक्षरं येत नव्हती, म्हणून त्यांनी गाव सरळ ठेवलं.

पेन त्यांनी स्वतःच्या घरावर टेकवलं आणि चालायला लागल्या. रेघ ओढत नव्हत्या, चालत होत्या. "हितं आमचं दार. हितनं लिंब. हितं मोठा धोंडा हुता, त्याला वळसा." रेघेनं वळसा घेतला. "हितं पाटी खाली ठेवायची, दम खायचा." रेघ थांबली, तिथं शाईचा जाड थेंब झाला. त्यांचा श्वास खरोखर जड येत होता. "आन् हितं उतार… हळू…" तांबडी रेघ थरथरत पुढं जात होती, नकाशावरच्या कुठल्याच रस्त्याला न जुमानता, आणि मी नुसती बघत होते. तीस वर्षांपूर्वीची एक नवी नवरी डोक्यावर मुरमाची पाटी घेऊन त्या काचेवरून जात होती.

रेघ थांबली. "हीर."

त्यांनी तिथं गोल काढला. गोलाच्या आत एका बाजूला एकाखाली एक बारीक आडव्या रेघा मारत गेल्या, ओठ हलत होते. मला वाटलं नक्षी करतायत, रांगोळीत करतात तशी. मग पेन माझ्या हातात देऊन त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

मी पडद्यावर वाकून बघितलं. गोल बरोबर त्या बांधाच्या वाकड्या कोपरात बसला होता. सरांच्या समासातल्या निळ्या प्रश्नाच्या अगदी शेजारी. आखणाऱ्याचा हात हलला नव्हता. बांध विहिरीला वळसा घालून गेला होता.

मी घोंगडीसकट पळत गेले. सर चहा टाकून आले, उन्हातच गुडघ्यावर बसले, डोक्यावर घोंगडी घेतली. बाहेर आम्ही दोघी, त्यांच्या पाठीच्या उंचवट्याकडं बघत. मग ते बाहेर आले तेव्हा चष्मा हातात होता. त्यांनी माझ्यादेखत पेन उलटं केलं, शेंडीनं स्वतःची टीप घासून काढली. 'आरेखनाची चूक?' गेलं. मागमूस नाही. "चूक माझी होती," ते म्हणाले, गयाबाईंकडं बघून. मी म्हटलं, "सर, रेघ वाकडीतिकडी आहे, मी नीट काढू का?" त्यांनी पेन खिशात टाकलं. "त्या नक्षीलाही हात लावायचा नाही."

एवढ्या वर्षांत मी बरीच यंत्रं वापरली. त्यांतल्या कुठल्याही यंत्रानं मला तसं थक्क केलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी यंत्रामुळं थक्क झाले, की एका बाईच्या पायांना तीस वर्षं लक्षात राहिलेल्या वाटेमुळं, हे मला तेव्हा वेगळं करता आलं नाही. आजही येत नाही. त्या काचेशिवाय ती वाट कुणाला दिसली नसती, हेही खरंच आहे. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं? पुजलेल्या हत्याराला यश असतंच."

ग्रामसभा मारुतीपुढं झाली, ट्रक निघायच्या आदल्या दिवशी, पहाटेच्या थंडीत, कारण दिवसा लोकांना बांधाबांध होती. वीज नव्हती, यंत्रात अर्ध्या तासाचाच दम उरला होता. पडदा सगळ्यांपुढून फिरला. गयाबाई खांबाला टेकून उभ्या, पदर तोंडात. हा निर्णय चुकला तर पुन्हा संधी नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. विहीर एकच होती आणि नाना सरपंचांशेजारी बसले होते.

पडदा नानांकडं आला. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि बोटानं बांधाची रेघ गिरवत नेली. मग काठी टेकत उठले.

"ह्यो बांध माझा हाय," ते म्हणाले. "हितं तो वाकडा हाय ते मला कुणी सांगाया नको. दुष्काळानंतर आमी हे रान घेतलं, तवापासनं मी हितं आल्यावर औत वळवतो. बापानं सांगितलतं, हितं वळव. का ते त्यानं न्हाई सांगितलं, म्या न्हाई इचारलं. बैलालाबी ठावं हाय, तो आपला आपण वळतो." ते गयाबाईंकडं वळले. "मलाच कसं सुचलं न्हाई गं?"

कुणी हसलं नाही. सरपंचांनी चिंचेजवळचं निळं वर्तुळ दाखवून विचारलं, "मग ह्ये?" नाना म्हणाले, "ते पुसा." सरांनी पेन माझ्याकडं दिलं आणि ते मी पुसलं. दुसऱ्या दिवशी टोळ्या गेल्या. गयाबाईंची सून ट्रकवर बसताना सासूच्या पाया पडली, आणि गयाबाईंनी तिच्या हातात भाकरीचं गाठोडं देऊन तोंड फिरवलं.

उन्हाळ्यात टोळ्या परतल्यावर खोदायला सुरुवात झाली. मुरूम निघाला, खाली काळा गाळ निघाला, आणि गाळाखाली एका अंगानं दगडी पायऱ्या दिसायला लागल्या. मी वर उभी राहून मोजल्या. अकरा. घरी येऊन यंत्र उघडलं, गयाबाईंच्या नक्षीतल्या रेघा मोजल्या. अकरा. मी यंत्र मिटून तसंच मांडीवर घेऊन बसले.

ती फाइल आता कुठं असेल देव जाणे. ते यंत्र दोन-तीन वर्षांत बंद पडलं, ते पेन इतर कुठल्याच काचेवर चालत नाही. सर गेले. अण्णाही गेले. माझं लग्न झालं, आणि अण्णांनी पदवीचा उच्चार शेवटी मोठ्यानं केला.

पण पुढच्या दसऱ्याला मी वाडीला गेले होते, ते सांगायचं राहिलं. बाजरी पुन्हा खळ्यावर, ट्रक पुन्हा चौकात, झेंडू पुन्हा स्वस्त. विहिरीला पाचव्या पायरीपर्यंत पाणी होतं. सुनेच्या कडेवर पोर होतं, ती हंडा भरून चार पावलांत घरी जात होती. गयाबाई चौथ्या पायरीवर बसल्या होत्या, सुजलेले गुडघे पाण्याजवळ सोडून. मी वरून हाक मारली. त्यांनी मान वर केली आणि "ये" म्हणून खूण केली.

मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी उजवा अंगठा पाण्यात बुडवला आणि कोरड्या पायरीवर दाबला. उन्हानं तापलेल्या काळ्या दगडावर ओला, गोल, बिनरेषांचा अंगठा उमटला.

"घेतला बघ," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी तो वाळेपर्यंत बघत बसलो. वाळला, तसा त्यांनी पुन्हा दिला.